सांबाराचा भाव

आई, आज गोल बाजारातले काम संपवून घरची भाजी घेत होते. पालकाच्या दोन जुड्या घेतल्या आणि भाजीवाल्या म्हातारीने न मागता वर मूठभर कोथिंबीर टाकली, सोबत दोन मिरच्या. ही पद्धत तू असताना होती तशीच आहे. राज्य झाले, राजधानी झाली, घरभाडी कुठल्या कुठे गेली, पण रायपुरात धनिया अजून भाजीवर वरूनच मिळतो. तू त्याला कधी धनिया म्हणाली नाहीस आणि कोथिंबीरही म्हणाली नाहीस. तुझ्या वऱ्हाडी तोंडात तो शेवटपर्यंत सांबारच राहिला. मी मराठी शाळेतून 'कोथिंबीर' हा शब्द घरी आणला तेव्हा 'आता पुस्तकातली भाजी शिजवून दाखव बरं' असे म्हणून तू मला सगळ्यांसमोर हसली होतीस. त्या सांबाराबद्दलच तुला लिहायचे आहे. तू जाऊन इतकी वर्षे झाली की लोक आता तुझ्याविषयी चांगलेच बोलतात. मला तेवढे जमणार नाही. जे पत्र पाठवायचेच नाही त्यात तरी खोटे लिहू नये, एवढी शिस्त मला आहे, आणि ती तुझ्याकडून आलेली नाही.

पंडरीच्या मागच्या गल्लीतले आपले स्वयंपाकघर आठवते. एक खिडकी, खिडकीखाली मोरी, मोरीशेजारी तुझा पाट. बाबा रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून, म्हणून पास फुकट, म्हणून वर्ध्या-नागपुराकडचे कोणी ना कोणी सदैव येते आहे. पाहुणा चपला काढतो आहे तोच तू आतून विचारतेस, "तूरडाळ काय भाव हाये आता तिकडं?" पाणी नंतर. पाहुणा भाव सांगतो, तू इथला सांगतेस, मग जवारी, मग गूळ, मग संत्री. सगळे भाव एकमेकांसमोर मांडून झाले की तू समाधानाने उठतेस आणि चहा ठेवतेस. पाहुण्याची तब्येत, त्याच्या मुलीचे बाळंतपण, कोणाचे मरण, हे सगळे त्या भावांच्या आडून तुला कळत असे. 'डाळ घ्यायलाच जमत नाही आजकाल,' असे कोणी म्हणाला की तू जाताना त्याच्या पिशवीत तांदूळ घालायचीस. तुझ्यासाठी रायपूर हाच परदेश होता. लग्न होऊन या भाताच्या मुलखात आलीस आणि जन्मभर इथल्या प्रत्येक वस्तूचा तिकडच्या भावाशी मेळ घालत राहिलीस. लहानपणी मला वाटायचे की भाव विचारणे हीच तुझी माया आहे. हा समज मी फार काळ बाळगला, आणि तो मला फार महाग पडला.

हिशेबात तू कच्ची नव्हतीस. गल्लीतल्या बायकांची भिशी तू चालवायचीस, कागदाला हात न लावता, आणि कधी एका पैशाचा घोळ झाला नाही. वेगळे राज्य होणार असे नुसते बोलले जात होते तेव्हाच तू बाबांच्या मागे लागून शहराबाहेर एक प्लॉट घ्यायला लावलास. "तिथे कुत्रंही जात नाही," बाबा म्हणाले. "साहेब लोक येतीन त कुत्रे बी येतीन," तू म्हणालीस. साहेब आले. भोपाळहून कचेऱ्या आल्या, त्यांच्यामागून गाड्या आल्या, आपल्या घरमालकाने दारात उभे राहून भाडे वाढवले, आणि त्या प्लॉटचा भाव तू रोज सकाळी दुधाच्या भावासारखा तोंडी म्हणू लागलीस. तो प्लॉट माझ्या लग्नासाठी आहे, असे तू सगळ्यांना सांगायचीस. मी ऐकायची आणि पुस्तकात मान घालायची. मी शाळेत पहिली येत होते, पुढे कॉलेजातही, आणि चार माणसांत मला बोलता येत नव्हते. या तिन्ही गोष्टी तू एकाच सुरात सांगायचीस, जणू पोटदुखीच्या तक्रारी.

संख्याशास्त्रात एम.एस्सी. झाले त्या वर्षी जर्मनीतल्या एका विद्यापीठाने मला प्रवेश दिला, शिष्यवृत्तीसह. प्राध्यापकांनी अर्ज भरायला लावला होता, मिळेल असे मलाही वाटले नव्हते. मी घरी सांगितले तेव्हा तू कणीक मळत होतीस. तू हात थांबवला नाहीस. "तिथं तूरडाळ केवढ्याले भेटते?" एवढेच विचारलेस. आणि आई, मी आनंदाने वेडी झाले. तू भाव विचारला होतास. पुढचे कित्येक दिवस तू एकेक विचारत गेलीस: दूध केवढ्याले, बस केवढ्याले, खोली केवढ्याले, केस कापाचे काय घेतात, सांबाराची जुडी केवढ्याले. मी रोज दुपारी सायबर कॅफेत जायची, जर्मनीत राहणाऱ्या अनोळखी मुलींना इंग्रजीत पत्रे लिहून भाव विचारायची, उत्तरे पाठ करायची आणि संध्याकाळी तुझ्या पाटासमोर बसून सांगायची. तू ऐकून घ्यायचीस. मला वाटले, तू मला पाठवायची तयारी करते आहेस. पोरगी जिथे राहणार तिथले घर तू मनात लावून पाहते आहेस.

मग संक्रांतीचे हळदीकुंकू आले. नागपूरची मामी मुद्दाम आली होती, गल्लीतल्या बायका आल्या होत्या, बाबा रीतीप्रमाणे आतल्या खोलीत वर्तमानपत्र घेऊन बसले होते. मी तिळगुळाचे ताट घेऊन बाहेर आले, आणि तू मला मध्येच थांबवलेस.

"आमची बाई जर्मनीले चालली. सांग बरं सगळ्यायले, तिथं सांबाराची जुडी केवढ्याले हाये?"

"दीड युरो," मी म्हटले.

"रुपयात सांग. या बायांनी कुठं पाह्यला युरो?"

"ऐंशीच्या वर."

"अवं माय!" मामीने कपाळाला हात लावला. "ऐंशीत त आमच्या इकडं हप्त्याची भाजी येते, अन् सांबार फुकट!"

"अन् केस कापाचे?" तू विचारलेस. मी सांगितले. "हजार!" शेजारच्या काकू म्हणाल्या, "त्याच्यापेक्षा वेणीच बरी बाई, कापाचंच कायले?" बायका हसल्या. तू खोलीचे भाडे विचारलेस. मी सांगितले, रुपयांत, कारण आता सवय झाली होती. "एवढा त तिच्या बापाचा पगार नाही," तू म्हणालीस, आणि या वेळी कोणी हसले नाही. सगळ्या माझ्याकडे अशा पाहू लागल्या की जणू मी बापाच्या अंगावरचा सदरा मागितला आहे.

"पण शिष्यवृत्तीसुद्धा युरोतच..." मी म्हणू लागले.

"काय म्हणते वं? जोरानं बोल ना," मामी म्हणाली.

"चार बायांत तिच्या तोंडून शब्द निघत नाही," तू म्हणालीस, "अन् चालली गोऱ्या लोकायत बोलाले!"

त्या हास्याचा आवाज मी अजून ऐकू शकते. त्यात कोणाचा दुष्टावा नव्हता, तो तुझा एकटीचा होता. मी ताट घेऊन एकेकीपुढे वाकत गेले आणि प्रत्येकीला गोड बोलायला सांगत गेले. आत बाबांच्या वर्तमानपत्राचे पान उलटल्याचा आवाज आला. दुसऱ्या दिवशी ते मला एवढेच म्हणाले, "तुझी आई म्हणते, परवडत नाही." गल्लीत, नातेवाइकांत, सगळीकडे हेच झाले होते: पोरगी हुशार आहे, पण तिकडे सांबारच ऐंशी रुपयाला. माझ्या शिष्यवृत्तीचा आकडा त्या घरात कोणी कधी विचारला नाही. त्यालाही युरोच्या भावाने, पंचावन्नने, गुणायचे असते हे मला येत होते. विद्यापीठात पहिली आलेली मुलगी होते मी. त्याच सायबर कॅफेत बसून मी विद्यापीठाला नकार कळवला, अत्यंत शुद्ध इंग्रजीत.

पुढे माझ्या धाकट्या भावाची पाळी आली. तो इंग्रजी शाळेत शिकलेला, मराठी समजायची पण उत्तर हिंदीत द्यायचा, आणि परीक्षा कशीबशी पास व्हायचा. त्याला ऑस्ट्रेलियात कुठल्याशा कोर्सला प्रवेश मिळाला. शिष्यवृत्ती नव्हती, उलट फी अशी होती की बाबा आकडा ऐकून खाली बसले. तू बसली नाहीस. तू त्याला पहिला प्रश्न विचारलास, "तिथं कामाचे काय देतात?" हॉटेलात भांडी घासण्याचे तासाला किती डॉलर मिळतात हे त्याने सांगितले, आणि तू ते डोळे मिटून गुणलेस. "चारशे रुपये! एका तासाचे! अन् मी जन्मभर घासले, मले कोनं चार पैसे देले?" ही गोष्ट तू भाजीवालीला सांगितलीस, दूधवाल्याला सांगितलीस, नागपूरला फोन करून मामीला सांगितलीस. "मम्मी, वहाँ सब महँगा भी है," तो बिचारा म्हणत होता. "खाशीन किती तू एकटा?" तू म्हणालीस. सांबाराचा भाव त्याला कोणी विचारला नाही. तेच तोंड, तोच पाढा, आई. त्याच्या वेळी तू मिळकत गुणलीस, माझ्या वेळी खर्च. माझ्या लग्नाचा प्लॉट विकला गेला. रजिस्ट्रीच्या कचेरीत साक्षीदार म्हणून सही करायला तू मला घेऊन गेलीस, कारण, तू कारकुनाला सांगितलेस, हिचे अक्षर चांगले आहे.

मी नोकरीला लागले तीसुद्धा बाजारभावांच्याच. सरकारी कचेरी, काम असे की ठरलेल्या बाजारांत जाऊन ठरलेल्या वस्तूंचे भाव आणायचे, म्हणजे जगणे किती महागले ते सरकारला कळते. माझ्यासारख्या भिडस्त मुलीला गोल बाजारात रोज अनोळखी दुकानदारांशी बोलावे लागले, यावर तू खूप हसलीस. पण मी शिकले. धान्याचा दुकानदार मला लांबूनच पाहून ओरडतो, "आ गई भाव वाली दीदी! लिखिए, चना दाल आज सस्ती है।" मी एकदा विचारले, "सचमुच?" तो म्हणाला, "सरकार के लिए सचमुच। घर के लिए लेना हो तो दीदी, फिर से पूछ लेना।" विचारणाऱ्याचे तोंड पाहून भाव सांगितला जातो, हे मी तिथे समजले. आणि आणखी एक गोष्ट कचेरीत शिकले: प्रत्येक वस्तूला हिशेबात वजन असते, माणूस ती किती घेतो त्या प्रमाणात. तांदळाचे वजन मोठे, भाड्याचे मोठे. कोथिंबिरीचे जवळजवळ काहीच नाही. ती दसपट महागली तरी जगणे तसूभर महागत नाही. ज्या दिवशी हे मला शिकवले त्या दिवशी मी डबा न खाता परत आणला, आणि तू विचारलेस, "काहून? कचेरीत जेवन भेटलं का?"

तुझे यकृत गेले तेव्हा समता कॉलोनीतल्या एका खाजगी दवाखान्यात तुला ठेवले होते. खोलीला खिडकी होती, खिडकीतून समोरच्या शिवणकामाच्या दुकानातली मशीन ऐकू यायची. बाबा सकाळी येत, मी कचेरीतून रजा घेऊन दिवसभर. तू धाकट्याची वाट पाहत होतीस, पण तसे म्हणत नव्हतीस. विमानाचे तिकीट केवढ्याला असते एवढे विचारत होतीस. त्याचा फोन आला तो मी मोठ्या आवाजावर लावला, कारण तुला हात उचलवत नव्हता. "मम्मी, आना तो है, पर तिकीट का रेट देखा है? सीज़न चल रहा है। इतने में यहाँ दो महीने का किराया निकल जाता है।" तू लगेच म्हणालीस, "नको येऊ राजा. महाग पडते." तो रडला असावा. नंतर म्हणाला, "दीदी है ना वहाँ।"

फोन ठेवून मी तुला चमच्याने पाणी पाजू लागले. डॉक्टरांनी एका वेळी थोडेच द्यायला सांगितले होते. दोन चमचे झाले आणि तू म्हणालीस, "तुले वाटते, मले हिशेब समजला नव्हता?"

"कुठला हिशेब?"

"जर्मनीचा."

समोरची मशीन थांबली होती. मी वाटी हातात धरून बसले.

"दोन्हीकडून गुनलं असतं त तू गेली असती," तू म्हणालीस. दम लागत होता, तरी आवाज स्वच्छ होता, भिशीचा आकडा सांगतानाचा. "पोट्टा थांबत नसते वं. त्याले पाठवलं काय, नाही पाठवलं काय, बायको आली का गेलाच. थांबनारं घरात एकच होतं. म्हातारपनी पानी कोन देईन, हे पाहावं लागते का नाही मायले?" मग तू माझ्या हातातल्या वाटीकडे पाहिलेस, आणि तुझ्या चेहऱ्यावर ते समाधान आले, पाहुण्याशी भाव जुळवून झाल्यावर यायचे तेच. "पाह्य. बरोबर निघाला का नाही हिशेब? तू हायेस, अन् पानी हाये."

तू क्षमा मागितली असतीस तर मी रडले असते आणि प्रकरण संपले असते. तू कौतुक मागत होतीस. मी पुढचा चमचा भरला आणि तुझ्या तोंडाशी नेला, आणि तू तो प्यायलीस. त्यानंतर तू फार दिवस राहिली नाहीस, आणि आपल्या दोघींत जे काही बोलणे झाले ते उशी वर घे, पांघरूण काढ, एवढेच. मी तुझे सगळे केले. शेवटच्या दिवसापर्यंत केसांना तेल लावले. मामीने स्मशानातून परतल्यावर माझ्या पाठीवरून हात फिरवला, "पोट्टी असावी त अशी," म्हणाली. मला त्या वेळी हे वाक्य दवाखान्याच्या बिलासारखे वाटले, ज्याच्या खाली 'पूर्ण चुकते' असा शिक्का मारलेला असतो. तेराव्यासाठी धाकट्याने पैसे पाठवले. फोनवर म्हणाला, "दीदी, आज रेट अच्छा है, आज ही भेज देता हूँ।" त्याच्यावर मी रागावले नाही. ते तुझेच बोलणे होते, हिंदीत.

आता मुद्द्याचे. मला पुन्हा बोलावणे आले आहे, आणि पुन्हा जर्मनीतूनच, शहर वेगळे. या वेळी विद्यार्थिनी म्हणून नव्हे. भावांचाच अभ्यास, तीन वर्षांची नोकरी, पगार. युरो आता तुझ्या वेळचा राहिलेला नाही, नव्वदीच्या आसपास असतो. पत्र आले त्या संध्याकाळी मी संगणकासमोर बसले, आणि ज्या बाईला दोन देशांतल्या महागाईची तुलना कशी करावी हे कचेरीत नवख्यांना शिकवायला सांगतात, त्या बाईने तिथले घरभाडे घेतले, नव्वदने गुणले, आणि घाबरून यंत्र बंद केले. मग बसचा पास गुणला. मग दूध. पगाराला हात लावायचे सुचलेच नाही. तू मरून इतकी वर्षे झाली, आणि माझ्या हातातला पाढा अजून तुझ्याच आवाजात चालतो. दाखला म्हणून सांगते: मी दोन दिवस 'परवडत नाही' असे उत्तर मनात लिहून तयार ठेवले होते.

धाकट्याला सांगितले. "वाह दीदी! ग्रेट!" तो म्हणाला, आणि मग थोडा थांबून, "लेकिन बाबा का क्या? यहाँ लाना तो मुश्किल है, बुज़ुर्गों का इलाज यहाँ बहुत महँगा पड़ता है। और तुम तो वैसे भी वहीं सेटल हो।" बाबांचे गुडघे गेले आहेत, साखर आहे, रात्रीची गोळी त्यांना हातात द्यावी लागते. तुझ्यानंतर ते चहा करायला शिकले, त्यापुढे काही नाही. तू एकटीच्या पाण्याची सोय केली नव्हतीस, आई. तू दोघांची केली होतीस. तुझा हिशेब तुझ्यानंतरही चालूच होता आणि माझे त्यातले वजन कमी होत नव्हते.

तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा पगार गुणला. आणि मग दुसरा एक हिशेब केला, जो तुला आवडला असता. आपल्या मागच्या पाऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली, एक विधवा बाई घरकामे करते, तिला बोलावले. विचारले, बाबांकडे रात्रंदिवस राहशील का, स्वयंपाक, औषध, पाणी, सगळे? तिने तोंडावरचा पदर सारखा केला. "हव दीदी, मैं रहि जाहूं। कतका दिन बर?" तीन वर्षे, मी म्हटले. तुझे घर कोण पाहील, मी विचारले. "घर म बेटी हे न," ती म्हणाली, "ओ सम्हाल लिही।" बेटी दहावीत आहे, आणि चांगली शिकते, हेही तिनेच सांगितले, थोड्या अभिमानाने. मला काय ऐकू येते आहे ते मला कळत होते. मी तिला पगार विचारला. तिने भीत भीत आकडा सांगितला. मी घासाघीस केली नाही, वर थोडे वाढवूनच दिले, आणि ती गेल्यावर त्या आकड्याला नव्वदने भागले. तुझ्या त्या पाण्याचा भाव निघाला, आई. जिच्यासाठी तू एक मुलगी अडकवून ठेवलीस ती गोष्ट युरोत इतकी स्वस्त पडते की मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. त्या बाईच्या मुलीचे काय होईल याचा विचार मी केला, आणि करूनही तिला पहिल्या तारखेपासून यायला सांगितले. या बाबतीत मी तुझीच मुलगी आहे, असे मामी आता म्हणाली तर खोडता येणार नाही.

बाबांना मी कालच सांगितले. जेवायला बसलो होतो. वरण-भात, पालक, आणि त्यांनी पानात बाजूला काढून ठेवलेली मिरची. मी सांगत गेले, नोकरी, तीन वर्षे, येणारी बाई, औषधांची सोय. ते मान हलवत भात कालवत राहिले. माझे बोलणे संपले. मग त्यांनी वर न पाहता विचारले,

"तिकडं सांबाराची जुडी केवढ्याले भेटते बेटा?"

त्या हळदीकुंकवाला ते आतल्या खोलीत होते. त्यांनी सगळे ऐकले होते, आणि इतक्या वर्षांत कधी एक शब्द काढला नव्हता. आता ते माझा रस्ता अडवत होते, की तुझ्यासारखी माया करत होते, की फक्त म्हातारे झाले होते, ते मी त्यांच्या चेहऱ्यावरून सांगू शकले नाही, आणि चेहरा पाहून भाव ओळखणे ही माझी नोकरी आहे. एवढेच समजले, की मी काय सांगते त्यावर मी जाते की राहते हे ठरणार आहे.

"तिकडेही वरूनच देतात, बाबा," मी म्हटले. "भाजी घेतली की फुकट."

"हव का?" ते म्हणाले. बोटे थांबली. मग त्यांनी वरणाचे भांडे पुढे ओढले. "मंग परवडते. जाय."

इतक्या वर्षांच्या नोकरीत मी कोणाला चुकीचा भाव सांगितलेला नाही, तो पहिला. आणि तो अज्ञानातून आलेला नव्हता. जर्मनीहून पत्र आले त्या संध्याकाळचे जे मी वर लिहिले त्यात एक गोष्ट गाळली आहे. भाड्याच्या आधी, पासाच्या आधी, माझा पगार किती हे धड वाचायच्याही आधी मी त्या शहरात कोथिंबिरीची जुडी केवढ्याला मिळते तेच शोधून काढले होते.